फ्राऊ केसलरचं लोकार्नो

“ती बाई या घरात आली, तर मी खिडकीतून उडी टाकीन!” असं म्हणून फ्राऊ केसलरनी सूपाचं भांडं टेबलावर इतक्या जोरात आदळलं, की समोर बसलेल्या कप्तान होल्ट्सच्या मिशीवर शिंतोडे उडाले.

आम्ही तळमजल्यावर राहत होतो, याची आठवण मी त्यांना करून दिली नाही. संतापलेल्या माणसाला भूगोल सांगू नये, एवढी अक्कल मी पेणहून निघतानाच बांधून आणली होती.

“कोण बाई?” मी विचारलं.

“माझी बहीण!” एवढं बोलून त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या आणि आत भांड्यांची आदळआपट सुरू झाली.

हे सगळं एकोणीसशे पंचवीसच्या नोव्हेंबरातलं. मी तेव्हा बर्लिनला कापड रंगवण्याचं रसायनशास्त्र शिकत होतो. निदान घरच्यांची तशी समजूत होती, आणि परीक्षा जवळ आली की माझीही. फ्राऊ केसलर माझ्या घरमालकीण. पन्नाशीच्या, विधवा, उंच आणि ताठ. त्यांच्याकडे आम्ही दोघे भाडेकरू, एक मी आणि दुसरा हा कप्तान. त्याचा डावा हात युद्धात गेला होता, आणि उरलेल्या उजव्या हाताचा उपयोग तो मुख्यतः वर्तमानपत्रावर बुक्क्या मारायला करी.

बुक्क्या मारायला त्या दिवसांत विषयही झकास मिळाला होता. काल-परवापर्यंत एकमेकांची पोरं चिखलात गाडणारे देश अचानक प्रेमात पडले होते. लोकार्नो नावाच्या सरोवराकाठच्या गावी सगळे मंत्री जमले, होडीत बसून सहल करून आले आणि तह ठरवून मोकळे झाले. आता लंडनला सह्या तेवढ्या व्हायच्या होत्या. जर्मनीच्या बाजूने हा घाट घालणारे परराष्ट्रमंत्री म्हणजे श्ट्रेझेमान. जर्मनीचा आल्सेस प्रांत युद्ध संपताच फ्रान्सने घेतलेलाच होता. पण आता जर्मनी आपण होऊन म्हणणार होता, की ही हद्द आम्हाला कबूल. बदल्यात काय मिळणार? तर म्हणे विश्वास. निम्म्या देशाला हा माणूस थोर वाटत होता आणि निम्म्याला देशद्रोही, आणि दोन्ही निम्मे रोज एकाच ट्रामने कचेरीत जात होते.

“गेलेली वस्तू हा माणूस देतोय!” कप्तान ओरडायचा. “गेलेली वस्तू देता कशी येते, सांगा ना हेर डिगे!”

हेर म्हणजे श्रीयुत, आणि दिघे या माझ्या आडनावाचं त्या देशात डिगे झालं होतं, ते असो. पण कप्तानाचं मला पटायचं. मुलगी केव्हाच पळवून नेली आणि बाप आता कन्यादानाला बसलाय, असाच तो प्रकार वाटायचा.

तर त्या दिवशी मी भांडी आपटण्याचा जोर ओसरू दिला आणि स्वयंपाकघरात डोकावलो.

“सूप फार छान झालंय,” मी म्हणालो. झालं नव्हतं.

“खोटं बोलू नका, हेर डिगे. मीठ दोनदा पडलंय.” त्या पाठमोऱ्याच बोलत होत्या. “आम्ही आल्सेसमधल्या स्ट्रासबुर्गच्या. दोघी एकाच घरात जन्मलो. ओटिलीने नवरा केला तो एमील, तिथलाच, आल्सेसचा. मी केला कार्ल, सरकारी नोकरीतला, जर्मनीतल्या प्रशियाचा. युद्ध हरलो, फ्रेंच आले. तिच्यासारख्यांनी राहायचं, आमच्यासारख्यांनी चालतं व्हायचं. माणशी तीस किलो सामान. भर जानेवारीत ऱ्हाइनच्या पुलापर्यंत पायी. कडेला लोक उभे राहून शिव्या देत होते, थुंकत होते. त्यांच्यात आमचा दूधवाला होता, हेर डिगे! ओटिलीचं घर त्याच रस्त्यावर. ती वर खिडकीत उभी होती. मी मान वर करून बघितलं. तिनेही बघितलं. आणि खिडकी लावून घेतली.”

“थंडी असेल,” मी म्हणालो.

त्यांनी वळून माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचं वाक्य गिळलं.

“आता म्हणे ओदिल! जन्मभर ओटिली होती, फ्रेंच झाल्याबरोबर ओदिल! सात वर्षं चकार शब्द नाही, आणि आता बर्लिनला येऊन हॉटेलात उतरलीय. तीन दिवस आहे म्हणे. वसंतात नवऱ्याबरोबर अर्जेंटिनाला चालली, कायमची. त्याआधी मला भेटायचंय तिला.”

“म्हणजे आता नाही भेटलात, तर पुन्हा भेट नाहीच?”

“मला भेटायचंच नाही. अर्जेंटिनाला जा नाहीतर चंद्रावर जा.” असं म्हणून त्यांनी परडीभर कांदे पुढ्यात ओढले आणि चिरायला बसल्या. त्या दिवशी कांद्याचं काहीही करायचं नव्हतं.

मला वाईट वाटलं. थट्टा सोडून सांगतो, फार वाईट वाटलं. मागच्या हिवाळ्यात मी तापाने फणफणलो होतो, तेव्हा या बाईने माझ्या छातीला हंसाची चरबी चोळून मला जगवलं होतं. वासाने मी आधी मरतो की तापाने, अशी शर्यत होती, पण जगलो. या बाईला जगात रक्ताचं माणूस एकच उरलं होतं, आणि ते तीन दिवसांनी गाडीत बसून जाणार होतं. मी ठरवलं, आपण मध्ये पडायचं.

आता मध्यस्थी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आमचे आबामामा पेण तालुक्यातले नावाजलेले मध्यस्थ. लग्नात विहीण रुसली, पाट सोडून उठली, पंगत खोळंबली, की आबामामांना हाक जायची. मामा आधी मुलाकडच्या खोलीत शिरायचे आणि सांगायचे, “मुलीची आई तिकडे ओक्साबोक्शी रडतेय हो, म्हणतेय चूक आमचीच.” तिथून निघायचे ते थेट मुलीकडच्यांत. “विहीणबाई विरघळल्या. म्हणाल्या, मीच उगीच ताणलं.” दोन्ही धादांत खोटं, आणि दोन्हीकडच्यांना ते खोटं आहे हे पक्कं ठाऊक. पण समोरचा नमला असं म्हणायची सोय झाली की झालं! घटकाभरात विहीणबाई पाटावर, आणि जिलबीचं ताट फिरतंय. ती नेमकं काय म्हणाली, असा आगाऊ प्रश्न कुणी कधी विचारला नाही.

लोकार्नोलाही बहुधा याहून निराळं काही झालं नसावं. घरी परतलेला प्रत्येक मंत्री आपापल्या लोकांना सांगतच होता, की समोरचा नमला.

दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात गेलो. ओदिलबाई खाली दिवाणखान्यात बसल्या होत्या. बहिणीपेक्षा ठेंगण्या, डोक्याला झोकदार हॅट. पण हनुवटी तीच. फक्त या हनुवटीला फ्रेंच पासपोर्ट मिळालेला.

“मागडाने पाठवलं तुम्हाला?” त्यांनी विचारलं. मागडा म्हणजे आमच्या फ्राऊ केसलर.

“हो,” मी म्हणालो. सुरुवातच अशी छान झाली.

“तिला सांगा, मी माफी मागायला आलेले नाही.”

“छे छे! माफीचं नाव कशाला? उलट त्याच म्हणत होत्या, की चूक माझी झाली. तुमचा विषय निघाला की त्यांचे डोळे भरून येतात.”

“मागडाचे?” बाई पुढे झुकल्या. “आई गेली तेव्हा तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं.”

“वय होतं ना हो माणसाचं.”

त्या बराच वेळ हातमोज्याशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, “ती तसं म्हणाली असेल, तर मीही ताठून बसणार नाही. रविवारी येते जेवायला.”

मी तरंगतच घरी आलो. आबामामांनी बघायला हवं होतं! फ्राऊ केसलर इस्त्री करत होत्या. मी त्यांना हॉटेलातली हकीकत सांगितली, म्हणजे जी झाली नव्हती ती. तुमचं नाव काढताच ओदिलबाईंनी रुमाल काढला, हमसाहमशी रडल्या, आणि म्हणाल्या की चूक माझी.

त्यांचा इस्त्रीचा हात थांबला. “नेमके शब्द काय?”

“अं?”

“नेमके शब्द, हेर डिगे. ‘चूक झाली’ म्हणाली, की ‘मी चूक केली’? यात फरक आहे.”

“दुसरं,” मी म्हणालो. “मी चूक केली.”

“रुमाल कुठल्या हातात होता?”

“उजव्या.”

“ती डावरी आहे.”

“म्हणूनच तर सांगतोय, बिचारी पार गोंधळली होती.”

इस्त्रीखालचा कप्तानाचा सदरा पिवळा पडायला लागला, हे मी बघत होतो, पण त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही. शेवटी त्या म्हणाल्या, “स्वतःहून कबूल केलं असेल, तर मी क्षमा करीन. मोठी आहे मी.”

रविवारी त्यांनी आंबवलेला कोबी आणि डुकराचं मांस असा खास स्ट्रासबुर्गचा बेत केला. कपाटातली पांढरी चादर टेबलावर आली. मी आणि कप्तान आंघोळी-बिंघोळी करून बसलो. कप्तानाला मी बाहेर जा म्हणून सुचवून पाहिलं होतं, पण मांसाचा वास आल्यावर तो लढाईवरसुद्धा गेला नसता.

दाराची घंटा वाजली. दोघी बहिणी उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे उभ्या राहिल्या. हात मिळवले. “जाड झालीस.” “तू वाळलीस.” एवढं झालं आणि सगळे टेबलाशी आले. मी मनात जिलबी वाढायला घेतली.

कोबी वाढला गेला, पण दोघींनीही काटा उचलला नाही. दोघी एकमेकींकडे मोठ्या प्रेमाने, वडीलकीच्या नजरेने बघत होत्या.

“बोल,” फ्राऊ केसलर म्हणाल्या.

“तू बोल,” ओदिलबाई म्हणाल्या.

“संकोच करू नकोस. मी मनात काही ठेवलेलं नाही.”

“मीही नाही. तू बोलून टाक, मोकळी हो.”

“कोबी सुरेख झालाय,” मी म्हणालो. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

“ओटिली, मी तुला क्षमा करायला तयार आहे.”

“तू? मला?” ओदिलबाईंची हनुवटी वर आली. “क्षमा करायला तर मी आलेय!”

आणि मग दोन्ही हनुवट्या सावकाश माझ्या दिशेने वळल्या.

“हेर डिगे!”

आबामामांच्या पंगतीत नेमक्या याच वेळी जिलबी येते. इथे कप्तान खो खो हसला.

“त्याचं काय आहे,” मी म्हणालो, “आमच्याकडे अशी पद्धत आहे...”

“खोटं बोलण्याची?”

“जेवायला बसवण्याची.”

“म्हणजे तू काही कबूल केलंच नाहीस!” फ्राऊ केसलर बहिणीवर उसळल्या. “त्या दिवशी माझ्या तोंडावर खिडकी—”

“खिडकी! सात वर्षं खिडकी कवटाळून बसलीयस! का लावली, ते विचारलंस कधी?”

“का लावलीस?”

“कारण मला बरं वाटलं.” ओदिलबाईंचा आवाज एकदम खाली आला. “तू सामान ओढत चाललीयस आणि लोक थुंकतायत, हे बघून मला बरं वाटलं, मागडा. आणि ते माझ्या तोंडावर तुला दिसू नये, म्हणून लावली.”

कप्तानाने काटा खाली ठेवला.

“तुमची फौज माझ्या एमीलला रशियाच्या आघाडीवर धाडणार होती, तेव्हा मी तुझ्या स्वयंपाकघरात येऊन तुझे पाय धरले होते. तुझा नवरा एक शब्द बोलला असता, तर एमील कचेरीत राहिला असता. दुसऱ्या दिवशी तू मला सांगितलंस, कार्ल म्हणाला की नियमात बसत नाही. झालं! एमील परत आला तो पायाची बोटं बर्फात सोडून. आजही घरात धरून धरून चालतो. आणि तू खिडकीचं काय सांगतेस?”

फ्राऊ केसलर चादरीवरची सुरकुती सारखी करत राहिल्या. ती सरळ झाली, तरी करत राहिल्या.

“कार्ल तसं म्हणाला नाही,” त्या म्हणाल्या.

“मग काय म्हणाला?”

“काहीच नाही. मी त्याला विचारलंच नाही.” त्यांनी वर बघितलं नाही. “तुम्ही दोघं मुद्दाम माझ्यासमोर फ्रेंच बोलायचात. मला राग होता. म्हटलं, जाऊ दे आघाडीवर, खोड मोडेल. बोटं जातील असं वाटलं नव्हतं.”

मला वाटलं, संपलं सगळं. आता ही बाई उठणार आणि अर्जेंटिना गाठणार. आणि ओदिलबाई खरोखरच उठल्या. हॅट सारखी केली, एक हातमोजा चढवला, दुसरा हातात घेतला. त्यांना थांबवायला माझ्यापाशी एकही खोटं शिल्लक नव्हतं.

“बाबांचं घर तुझं,” फ्राऊ केसलर म्हणाल्या.

“ते माझ्याच नावावर आहे. फ्रेंच सरकारने केव्हाच केलं.”

“माहीत आहे मला.”

“मग तू देतेस काय?”

“ते मला सांगता येत नाही.” फ्राऊ केसलरचा आवाज फाटला. “पण मी रोज त्या घरात फिरते, ओटिली. इथे भांडी घासताना फिरते. जिना चढते, बाबांच्या खोलीत जाते, माडीवरचे पडदे ओढते. आणि तुला कुठेच बसू देत नाही. तू दिसलीस की हाकलते. आता नाही जाणार तिथे. घर तुझं. राहा, वीक, भाड्याने दे, काय वाटेल ते कर.”

आमच्याकडे असं काही द्यायचं तर हातावर पाणी घेऊन सोडतात. त्यांनी तसलं काही केलं नाही. पण डोळ्यांना धार लागली होती, आणि या वेळी कांदे नव्हते.

“हं!” कप्तान म्हणाला. “म्हणजे गेलेलीच वस्तू—”

“तुम्ही गप्प बसा!” दोघी बहिणी एकदम ओरडल्या.

ओदिलबाईंनी हातमोजा काढला, खुर्ची ओढली आणि कोबीचा एक घास खाल्ला.

“आई यात सफरचंद घालायची,” त्या म्हणाल्या.

“इथे तसली मिळत नाहीत.”

“मिळतात. हॉटेलाच्या कोपऱ्यावर ढीग पडलाय. तू पहिल्यापासून आळशी.”

“मी आळशी? पाणी कोण भरायचं?”

त्या कोबीवरून दिवस मावळेपर्यंत भांडल्या. मध्येच एकमेकींच्या ताटात मांसाचे तुकडे वाढत होत्या, आणि वाढतानाही भांडत होत्या. आल्सेसच्या बोलीत बोलत असल्यामुळे मला त्यातलं निम्मंच कळलं. मी सुटकेचा निःश्वास टाकून काटा उचलला, तेवढ्यात ओदिलबाईंचं माझ्याकडे लक्ष गेलं.

“आणि हा? हा मनुष्य माझ्या तोंडावर खोटं बोलला!”

“माझ्याही!”

“म्हणाला, तुझे डोळे भरून येतात.”

“मला म्हणाला, तुझा रुमाल उजव्या हातात होता!”

“उजव्या? अगं बाई, मी डावरी!”

मग काय विचारता! माझी एकेक थाप शेजारी शेजारी मांडून तपासण्यात आली. फ्रान्स आणि जर्मनी यांची एवढी घट्ट एकजूट लोकार्नोलाही झाली नसेल. युरोपातल्या सलोख्याला माझा एवढा हातभार लागला, पण कुणी मला बक्षीस वगैरे दिलं नाही.

त्याच आठवड्यात लंडनला सह्या झाल्या. त्या तहाची पुढे काय गत झाली, ते सगळ्या जगाने भोगलं. मी सांगायला नको. श्ट्रेझेमान तर चार वर्षांत गेलेच, शिव्या खात खात. आमच्या टेबलावरचा तह मात्र पुष्कळ टिकला, असं मला नंतर कप्तानाकडून कळलं.

पण ते पुढचं. बहिणीला स्टेशनवर पोचवून फ्राऊ केसलर घरी आल्या, त्या कोट न काढताच माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

“ती हॉटेलात रडली नव्हती?”

“नाही,” मी म्हणालो.

“जरासुद्धा?”

“नाही. तुमच्यासारख्याच ताठ बसल्या होत्या.”

त्यांनी मान हलवली. दाराच्या चौकटीला टेकल्या. “सात वर्षं ती खिडकी माझ्या डोळ्यांसमोर आहे, हेर डिगे. लावल्यावर आत ती काय करत असेल, हे एकदाही मनात आलं नाही. हसत असेल, एवढंच. मग तुम्ही येऊन सांगितलंत, की ती रडली. त्या दिवशी इस्त्री करता करता पहिल्यांदा वाटलं, की खिडकीच्या आत माझी बहीण उभी आहे.”

“पण ते खोटं होतं,” मी म्हणालो.

“धादांत!” त्या म्हणाल्या आणि डोळे पुसून ताठ झाल्या. “शनिवारपर्यंत खोली रिकामी करा. मी घरात खोटारडी माणसं ठेवत नाही.”